पळणारी अक्षरं

पूनम सागर सोसायटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा वेबसाइट बनवायचा, आणि बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर मत द्यायचा. टचस्क्रीनच्या मोबाइलला तो "बोटं पुसायचा रुमाल" म्हणायचा. वेबसाइटवरची पळणारी अक्षरं, लुकलुकणारी चित्रं आणि आपोआप वाजणारं संगीत यांच्यावर त्याचा खास राग. चष्मा काढून शर्टाला पुसला, की निकाल लागला समजायचं.

पॅरालिसिसनंतर बाबा घरीच असायचे. त्यांना भजनी मंडळाची वेबसाइट हवी होती. त्याने पांढरीशुभ्र, शांत वेबसाइट करून आणली.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "छान आहे रे. पण दवाखान्याचा फॉर्म वाटतोय."

"काका, आता जगात हेच चालतंय."

"असेल. आमच्याकडे टाळ वाजतात."

तो चष्मा न पुसताच गेला.

रविवारी परत आला. या वेळी स्क्रीनवर दोन समया लुकलुकत होत्या, मंडळाचं नाव डावीकडे पळत होतं आणि टाळ वाजत होते. बाबांनी चांगल्या हाताने मांडीवर ठेका धरला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

निघताना तो दारात मला हळूच म्हणाला, "खाली माझं नाव टाकलं नाहीय. ही मी बनवलीय हे कोणाला बोलू नको हां, प्लीज."