द्वारकेची जट

द्वारकेच्या समुद्रातून आत्यानं मला केसांना धरून ओढून काढलं आणि काठावरच्या वाळूत पाडून बडवलं. चूक माझीच होती. भटजींनी सगळ्यांना एकमेकांचा हात धरून तीन बुडक्या मारायला सांगितल्या होत्या. तिसऱ्या बुडकीला मी हात सोडवून घेतला आणि पोहत सुटले. मळ्यातल्या विहिरीत भावांबरोबर पोहून माझी भीड चेपली होती. विहिरीला लाटा नसतात, हे काही ध्यानात आलं नाही. लाटेनं मला उलटीपालटी केली, वेणी सुटली, नाकातोंडात खारट पाणी गेलं आणि डोक्यात वाळूच वाळू.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. कोवळ्या वयात नवरा गेला, ती माहेरी परतली, आणि तेव्हापासून घर तिच्या हातात होतं. हात जड होता. मी अकरा वर्षांची होते आणि त्या हाताचा इतका मार खाल्ला होता की डोळे मिटूनही डावा कुठला, उजवा कुठला ते सांगितलं असतं.

आमचं गाव मोताळ्याजवळचं. शाळेतल्या नकाशात मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून एवढा मोठा तुकडा होता, पण त्याला समुद्राची कड कुठेच नव्हती. त्यामुळे आम्ही मलकापूरला आगगाडीतून उतरून बैलगाडीनं गावात शिरलो, तेव्हा बायका आम्हाला हात लावून पाया पडल्या. समुद्राचं तीर्थ अंगावर होतं ना! भटजींनी बजावलं होतं, घरी यात्रेचं मावंदं घालून गाव जेवेपर्यंत डोक्यावरचं तीर्थ धुवायचं नाही. केसांना पाणी नाही, तेल नाही, फणी नाही. आणि मग हेच भटजी मावंद्याला चांगला दिवस काढेनात. आज काढतो, उद्या काढतो करत महिना गेला. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

घरातल्या मोठ्या बायकांना महिन्याचं नहाणं चुकलं नाही, त्यांचं तीर्थ नियमानं वाहून गेलं. बाबांचं डोकं भादरलेलं. आत्याचे केस विरळ, तिनं घट्ट अंबाडा बांधून ठेवलेला. मला अजून पाळी नव्हती आणि केस मात्र कमरेपर्यंत. मीठ, वाळू, घाम, गाडीवाटेचा फुफाटा, सगळं माझ्याच डोक्यात मुरत राहिलं. मी खाजवून खाजवून डोकं रक्ताळून घेतलं. खाजवलं की आत्याची चापट बसायची. आलेल्या-गेलेल्याला ती कौतुकानं सांगायची, "आमच्या पोरीनं तीर्थ राखलं बाप्पा."

अखेर दिवस निघाला. मावंद्याला तीन दिवस राहिले असताना आत्या माझ्या मानेवरची ऊ काढायला बसली. केस वर उचलले आणि तिचा हात थांबला. मानेच्या खळगीत लिंबाएवढी कडक गाठ होती. मी सवयीनं डोकं खाली घातलं, आता बसणार म्हणून. बसलं काहीच नाही. आत्या उठली, देव्हाऱ्यातून हळदीकुंकू आणलं, त्या गाठीला लावलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"माय आली व घरात," ती म्हणाली. "जट आली पोरीले."

मार थांबला आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. त्या दिवसापासून तिनं मला एकेरी हाक मारली नाही, "या माय, बसा माय" म्हणू लागली. मी मुद्दाम दुधाचं भांडं लाथाडलं तरी ती हात जोडून उभी. जट आलेल्या मुलीचं काय होतं ते गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. तिला देवीला सोडतात. तिचं लग्न होत नाही. ती परडी घेऊन दारोदार फिरते आणि मग गावातले पुरुष तिला आपली समजतात. अशी एक बाई आमच्या वेशीबाहेर राहायची. लहान पोरं तिला दगड मारत. मीही मारले होते.

आई बाबांना म्हणाली, "कैची द्या. मी आत्ता कापतो."

आत्या किंचाळली, "माह्या लहान बहिणीची कापली होती! सा महिन्यात गेली ते! या पोरीले मारतं का तू?"

बाबा बहिणीपुढे कधी मान वर करत नसत. त्यांनी बराच वेळ सुपारी चघळली आणि निकाल दिला. "कापाची नाही. देवीची असंन त सुटणार नाही. सुटली त आपला गुंता. मावंद्यालोग पाहू, नाही त मंग माहूरले नेऊ."

माहूरला नेऊ म्हणजे मला देवीच्या पायाशी सोडून येऊ. हे ते सुपारी चघळत म्हणाले.

माझी आई गरीब बाई. माझ्यावर तिनं बोट उगारलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं आत्याची नजर चुकवून गाठीत करडीचं तेल जिरवलं. तेलानं मीठ आणि धूळ एकत्र येऊन सरकीच्या ढेपेसारखा गोळा झाला. दुसऱ्या दिवशी आणखी तेल, गोळा आणखी घट्ट. मीठ तेलात विरघळत नाही, हे रोज फोडणी घालणाऱ्या बाईला सुचायला दोन दिवस लागले. भीतीनं माणसाचं डोकं चालत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात पुरणाच्या डाळीला आधण ठेवलं होतं. आईनं मला दंडाला धरून गोठ्यात फरफटत नेलं. घंगाळात गरम पाणी, भिजवलेली शिकेकाई आणि पोती शिवायचा दाभण तिनं आधीच मांडून ठेवला होता. तिनं मला पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि गाठीवर पाणी ओतलं. मी ओरडले. तिनं माझ्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. मग दाभणाचं टोक घालून खालून एकेक बट मोकळी करायला लागली. प्रत्येक झटक्याला मुळं उपटत होती. मी तिचा हात चावले. तिनं माझं थोबाड जमिनीवर आपटलं.

"हाल्ली त जीव घेईन," ती म्हणाली. तो आवाज माझ्या आईचा नव्हता.

बोळा निघाला आणि मी अशी किंचाळले की आत्या चुलीपुढची फुंकणी हातात घेऊन धावत आली. घंगाळातलं पाणी बघून ती पिसाळली. "तीर्थ धुऊन राह्यली काय वं रांडे! मायले हात लावतं?"

लोखंडी फुंकणी आईच्या भुवईवर बसली. रक्ताची धार माझ्या मानेवर पडली, गरम. आई उठली नाही. तिनं डाव्या हातानं माझी गाठ धरून ठेवली आणि उजव्या हातानं दाभण आत्याच्या दंडात खुपसला. आत्या गव्हाणीवर कोसळली. बैल दावी तोडायला लागले. बाबा दारात आले. आईनं दाभण त्यांच्याकडे रोखला.

"पुढं या," ती म्हणाली. "या ना!"

बाबा पुढं आले नाहीत. दारातच उभे राहिले.

आईला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. ती बोटांनीच चाचपत सोडवत राहिली. माझ्यात ओरडायची ताकद उरली नव्हती. उन्हं गोठ्याच्या दुसऱ्या भिंतीवर गेली तेव्हा शेवटचा पीळ सुटला आणि मूठभर वाळू घंगाळात पडली.

आत्या दंडाला चिंधी बांधून उठली. तिनं माझ्या केसांत बोटं घातली, टाळूपासून टोकापर्यंत ओढली. बोटं कुठेच अडली नाहीत. पुन्हा ओढली. मग घंगाळातल्या वाळूकडे बघत राहिली. "माय नाही," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. आईशी ती त्यानंतर जन्मभर बोलली नाही.

रात्रभर मी जागी होते. आत्यानं मला अजून एकेरी हाक मारली नव्हती. तिच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं, आणि माहूरची गाडी अजूनही जुंपली जाईल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मावंदं झालं. पंगत बसत होती. नैवेद्य दाखवायच्या आधीच मी पुरणात बोट घालून चाटलं. आत्यानं पाहिलं. तिचा चांगला हात उठला आणि साऱ्या गावासमोर माझ्या कानाखाली असा आवाज निघाला की वाढपी थांबले.

"कार्टे! देवाच्या आधी खातं?"

माझे कान घणघणत होते आणि मी हसत होते. पलीकडे आई, एक डोळा सुजून बंद झालेला, हातातलं ताट खाली ठेवून मटकन बसली आणि रडायला लागली.