शेवटची वीस पावलं

सर गेल्याची बातमी मला जवळा बाजार गावच्या पोस्टात कामावर असताना कळली. बाजाराचा दिवस होता, खिडकीसमोर रांग होती, आणि हिंगोलीहून सरांच्याच शाळेतल्या एका शिक्षकाचा फोन आला. "सकाळी गेले. झोपेतच." मी हं म्हणालो, फोन ठेवला आणि पुढच्या माणसाच्या पाकिटावर शिक्का मारला. शिक्का नीट उमटला का, तेही पाहिलं. वाईट वाटेल म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली… नाही वाटलं. एसटीत बसल्यावर मनात आलं ते एवढंच, की आता तो बर्फातला प्रसंग कोण सांगणार. ती काळजी फुकटची होती. प्रसंग सांगायला अख्खं गाव तयार होतं.

चौकात फ्लेक्स लागला. वर 'हिमालयवीर', खाली सरांचा टोपीतला फोटो, त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्या अठरा जणांचे फोटो, तेही सरांपेक्षा मोठे. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, पुरावा म्हणून. तीन वक्त्यांनी तीन प्रकारे सांगितलं, की गारा पडत असताना सरांनी या मधुकररावांना पाठीवर घेऊन खिंड कशी पार केली. एकाच्या सांगण्यात मी बेशुद्ध होतो, दुसऱ्याच्या सांगण्यात रडत होतो. मग मला दोन शब्द बोलायला लावलं. मी उठलो, "सर मोठे होते" म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं. एका पुरवणीच्या संपादकांनी तिथेच गाठून सांगितलं, तुमचा लेख पाहिजे, जीवदान मिळालेल्या माणसाच्या आठवणी. तो लेख हाच. त्यांना हवा होता तसा तो होणार नाही.

सर भूगोल शिकवत. नव्वदच्या सुमारास ते पुण्याच्या कुठल्याशा गटाबरोबर एकदा हिमालयात जाऊन आले आणि पुढची दहा वर्षं त्या एका फेरीवर जगले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर कापडी टोपी, भर उन्हाळ्यात पायात जाड बूट. हिंगोलीच्या उन्हात हा माणूस किराणा आणायला बर्फाचे बूट घालून जायचा. गावोगावच्या शाळांत ते स्लाइड दाखवत. मी त्यांच्याबरोबर प्रोजेक्टर उचलून जायचो, कारण मला डोंगरांचं वेड होतं आणि डोंगरांविषयी बोलणारं दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. चार-पाच वेळा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की ते तीन सरोवरं म्हणून जी दाखवतात ते एकच सरोवर आहे, तीन बाजूंनी काढलेलं. एकदा स्लाइड उलटी लागली तर चौथं झालं. मी काही बोललो नाही. न बोलण्याची सवय मला तिथपासूनची आहे.

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याजवळच्या तांड्यावर असाच एकदा कार्यक्रम होता. पोरं पुढे, मोठी माणसं मागे भिंतीला टेकून. पडद्यावर निळं पाणी आलं तसा मागून एक पन्नाशीचा, काटक माणूस उठून उभा राहिला. डोक्याला पटका, अंगात बंडी. थावरू त्याचं नाव, कोरडवाहू शेती करणारा.

"गुरुजी, एक इचारू का? पानी तर खाली येतंय. मंग एवढ्या डोंगरावर ते थांबलं काहून?"

मला वाटतं, त्या दहा वर्षांत सरांना विचारलेला तो एकच खरा प्रश्न होता. सर हसले. म्हणाले, "ते तुला नाही समजायचं, थावरू. त्याला अभ्यास लागतो." थावरूभाऊ वयाने त्यांच्याहून मोठे होते. ते खाली बसले, पण त्यांचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मी प्रोजेक्टर जीपमध्ये ठेवत होतो, तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुमी जाऊन राहिले का तिकडं कधी? मलाबी येऊ द्या. सोयाबीन काढनीच्या आधी वापस आलो म्हंजे झालं."

दोन हजार साल उलटून गेल्यावर तो योग आला. सरांनी नऊ जणांचा गट जमवला. हिमाचलात धौलाधारच्या रांगेत सात दिवस चालायचं, वाटेत सरोवरं आणि दोन खिंडी. सरांनी शाळेतून रजा काढली ती कावीळ झाल्याचं प्रमाणपत्र देऊन. नांदेडहून अमृतसरच्या गाडीत बसलो तेव्हा त्यांनी आम्हाला रांगेत उभं करून शिट्टी वाजवली. प्लॅटफॉर्मवरचे लोक पाहत होते आणि त्यांना तेच हवं होतं. थावरूभाऊ सगळ्यांसारखेच स्वतःच्या पैशाने आले होते, तरी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक त्यांच्याकडे गेला. कसा गेला ते कुणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी कुणी काही बोललं नसतं. आम्ही आठही जण आयत्या ताटावर बसलो. यात मीही आहे.

तिसऱ्या दिवशी पहिलं सरोवर आलं. सरांनी शिट्टी मारून सगळ्यांना गोळा केलं आणि व्याख्यान सुरू केलं. स्वतःचा फोटो नीट यावा म्हणून ते पाण्याकडे पाठ करून उभे होते. थावरूभाऊ गोळा झाले नाहीत. ते काठाकाठाने पूर्ण फेरी मारून आले, एका ठिकाणी गुडघ्यावर बसले, दगडांच्या फटीत हात घातला, ओंजळीने पाणी प्याले. सगळ्यांत शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "समजलं. त्या टोकाला एकच मोठा दगडाचा बांध पडेल हाय, डोंगरातून घसरून आलेला. वरून बरफ वितळून राहिलंय, अन् तो बांध पान्याला जाऊ देत न्हाई. बस, एवढंच." मग थोडं थांबून म्हणाले, "यात कोनता अभ्यास व्हता?" आवाजात राग नव्हता. सरांना काय वाटतं याची त्यांना मुळी गरजच उरली नव्हती.

पाचव्या दिवशी मोठी खिंड होती. तंबू, रॉकेल, शिधा घेऊन सामानवाले पहाटेच पलीकडे गेले होते. खिंडीच्या खाली तासाभराच्या अंतरावर आभाळ दाटलं, गारा सुरू झाल्या आणि एका ओल्या दगडावरून माझा पाय सरकला. घोटा उलटा फिरला. उभं राहायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. सर परत फिरले, वाकून माझ्या पायाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. नव्या पिवळ्या दोराचं वेटोळं त्यांच्या खांद्यावर होतं. ते त्यांनी हिंगोलीपासून सगळ्यांना दिसेल असं मिरवलं होतं.

"मधुकरराव, घाबरायचं नाही," सर म्हणाले. "लीडरने गटाबरोबर राहायचं असतं. मी पुढे जाऊन माणसं पाठवतो." मग थावरूभाऊंकडे वळून म्हणाले, "थावरू, तू चल. संध्याकाळचं जेवण कोण करणार?"

"आज तुमीच टाका खिचडी, गुरुजी," थावरूभाऊ म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले.

सर गेले. वाटाड्याला घेऊन गेले, बाकी सहा जणांना घेऊन गेले, दोरसुद्धा घेऊन गेले. सहांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही… निदान मला दिसेल असं नाही. गारा थांबल्या आणि धुकं आलं. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. वरून कुणी आलं नाही. मी थावरूभाऊंना म्हणालो, तुम्ही जा. त्यांनी ते ऐकलं आणि पटका सोडायला लागले.

"माझा आजा बैलावर मीठ वाहत व्हता," ते म्हणाले. "वाटंत बैल बसला तर गोनी मानसानंच उचलायची. कशी बांधायची ते बापानं दाखवलं व्हतं. तुमी फकस्त हलू नका. गोनी हलत न्हाई."

पटक्याची एक बाजू माझ्या मांड्यांखालून घेऊन त्यांनी दुसरी स्वतःच्या कपाळावर आवळली आणि मला पाठीवर घेऊन उभे राहिले. माझं अंग तेव्हा चांगलंच भरलेलं होतं. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मी विचारलं, वाट कशी कळणार? ते म्हणाले, "खाली पाहा. लेंड्या हायेत का न्हाई? गद्द्यांची, इथल्या धनगरांची, शेरडं इथूनच गेलीत. शेरडं जातात तिथून मानूस जातंय." लेंड्यांच्या मागावर आम्ही खिंड चढलो. दर वीस-पंचवीस पावलांना ते थांबायचे, खडकाला टेकायचे, पुन्हा निघायचे. वर पोचल्यावर त्यांच्या नाकातून रक्त येत होतं. ते त्यांनी बाहीने पुसलं आणि उतरायला लागले.

दिवस मावळायच्या बेताला तंबू दिसले. सर बूट काढून, मोजे वाळत घालून सूप पीत बसले होते. आम्हाला पाहून उठले आणि म्हणाले, "अरे, मी निघतच होतो." मग त्यांनी आम्हाला तिथेच थांबवलं. खरंच थांबवलं. बूट चढवले, नाड्या बांधल्या, कॅमेरा वाटाड्याच्या हातात दिला, थावरूभाऊंच्या पाठीवरून मला उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि तंबूपर्यंतची शेवटची वीस पावलं चालले. त्यात दोनदा धडपडले. मी पडू नये म्हणून थावरूभाऊ मागून धरून होते. फोटोत सर आहेत, मी आहे, आणि माझ्या कमरेपाशी एक हात आहे. पुढे त्या फोटोची स्लाइड झाली, पेपरात बातमी झाली, मोठी तसबीर झाली. हा हात कुणाचा, असं एकाही माणसाने कधी विचारलं नाही.

मी गप्प राहिलो त्याचं कारण सांगायलाच हवं, कारण ते सरांच्या खोटेपणाइतकंच क्षुद्र आहे. माझी मुलगी त्यांच्या शाळेत दहावीला होती आणि ते तिचे वर्गशिक्षक होते. ती पास होऊन गेली, तिचं लग्नही झालं, तरी मी गप्पच. एकदा न राहवून साखऱ्याला गेलो, थावरूभाऊंची माफी मागायला. ते ओढ्यात उभे होते. दोन्ही काठांना आडवा दगडी बांध घातला होता आणि मागे गुडघाभर पाणी साचलं होतं. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाले, "साहेब, ते ऱ्हाऊ द्या. हे पाहा. बराबर थांबलं का न्हाई?" सरांविषयी काही वाटत नाही का, असं विचारल्यावर त्यांनी जरा विचार केला. "त्यांची मला कीव येती. एवढ्या वरी जाऊन त्या मानसानं पानी पाह्यलंच न्हाई."

शोकसभेला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

लेख लिहायचा ठरवून मी गेल्या आठवड्यात सरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, आधी सांगावं, एवढी तरी लाज उरली होती. वहिनी कनेरगाव नाका गावच्या, कमी बोलणाऱ्या. चहा झाला. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुमाला उचललं त्या दिसापासून पाठीत चमक भरली म्हनायचे. रोज संध्याकाळी तेल कोमट करून चोळायचं. सात-आठ वर्सं झाली की."

मी म्हणालो, "वहिनी, सरांनी मला…"

"ठावं हाय मला." त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले. "एक दिवस डावीकडं दुखायचं, एक दिवस उजवीकडं. इसरून जायचे ते. चोळनाऱ्या हाताला कळत न्हाई व्हय?"

"मग का चोळत होतात?" मी विचारलं.

"तेवढा येळ गप पडून ऱ्हायचे," त्या म्हणाल्या. "एकदा मी इचारलं, आज कोन्ती बाजू? चिडतील वाटलं. तर पालथे पडल्या पडल्या म्हनले, 'तो थावरू लई ताकदीचा मानूस हाय.' पुन्हा त्यावर कधी बोलले न्हाईत. मीबी इचारलं न्हाई."

मी त्यांना लेखाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिवा. झालं तसं लिवा. छापायच्या आधी मला वाचून दाखवा फकस्त."

काल वाचून दाखवला. त्यांनी एक शब्दही बदलायला सांगितला नाही. सरांविषयी माझं मत बदललेलं नाही आणि बदलेल असं वाटत नाही. निघताना संध्याकाळ झाली होती. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि काही कळायच्या आत त्यांनी तेलाची वाटी गॅसच्या कडेला ठेवली. मग स्वतःच पाहत राहिल्या. "हात जातोच," म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत चटई अजून अंथरलेलीच होती, मधोमध तेलाने काळी पडलेली. वाटीतलं तेल कोमट झालं तसा त्यांनी गॅस बंद केला आणि ते परत बाटलीत ओतलं.