तंबूच्या दारात ठरलेलं वय

माझं वय कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचं तोंड बघते. दवाखान्यातली पोरगी विचारते, मतदार यादीवाला विचारतो, आणि मी त्यांनाच उलट विचारते, "कशाला हवंय?" घरातले कपाळावर हात मारून घेतात. म्हातारी संशयी आहे म्हणतात. आहेच मी संशयी. परवा नातवाला शहरात सिनेमाच्या दारावर अडवलं, वय बसत नाही म्हणून. घरी येऊन त्याची आदळआपट चालली होती. त्यानेच मला समजावून सांगितलं की हल्ली सिनेमा आधी काही माणसं बसून बघतात, तो सगळ्यांनी बघावा की फक्त मोठ्यांनी हे ठरवतात, तसा दाखला देतात, आणि मग दारावरचा माणूस कागद बघून आत सोडतो. मी विचारलं, "आधी बघणारे कोण? बघून त्यांचं काही बिघडत नाही का?" नातू हसायला लागला. मी मात्र त्या अडवणाऱ्यावर मनातून खूश होते. मलाही दारावर अडवायला हवं होतं, असं मला जन्मभर वाटत आलंय.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. आमचं गाव धर्मापुरीच्या शिवेला लागून, घरात शेती आणि गुरं. वय नावाची गोष्ट कुणी लिहून ठेवत नव्हतं. माय सांगायची, "तू झालीस त्या साली आपल्या काळ्या गाईला जुळं झालतं." ती गाय केव्हाच मेली होती, त्यामुळे साक्षीलाही कुणी उरलं नव्हतं. माझं लग्न मात्र झालेलं होतं. अक्षता पडेपर्यंत मी जागी राहावं म्हणून मामा मला चिमटे काढत होता, एवढंच मला त्या लग्नातलं आठवतं. सासर परळीच्या पलीकडे होतं. लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी, नानांनी, चार माणसांत एक गोष्ट कबूल करून घेतली होती. पोर मोठी झाल्याशिवाय नांदायला पाठवणार नाही. मोठी म्हणजे कधी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायका ते नुसत्या डोळ्यांनी सांगायच्या. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायचे, दर सणाला निरोप पाठवायचे, "झाली का मोठी?" आणि नाना दर सणाला निरोप धाडायचे, "लेकरू हाय अजून."

त्या वर्षी परळीला शिवरात्रीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू आला. मुका सिनेमा होता. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची आणि बाजूला उभा राहिलेला एक माणूस हातात छडी घेऊन गोष्ट सांगायचा. दिवेलागणीचा पहिला खेळ देवाचा, तो सगळ्यांना खुला. त्यामागून दुसरा खेळ, घरातल्या दुःखाचा, तो फक्त मोठ्यांना. मोमिनाबादच्या तालुका कचेरीतून इजाजत मिळण्याआधी तिथल्या साहेब लोकांनी दोन्ही खेळ बघितले होते म्हणे, आणि दुसऱ्यातला एक प्रसंग लेकरांच्या दृष्टीला पडू नये असा हुकूम दिला होता. तंबूवाल्याने त्या हुकमाचाच धंदा केला. त्याचा माणूस जत्राभर ओरडत फिरत होता, "लेकरांनी बघायचा न्हाई असा खेळ! लेकरांनी बघायचा न्हाई!" त्यामुळे देवापेक्षा त्याच खेळाला गर्दी जास्त. मला तेव्हाही यात काहीतरी काळंबेरं वाटलं होतं. जे बघू नये ते गावभर ओरडून कशाला सांगायचं? पण संशय आला की ती गोष्ट बघितल्याशिवाय मला राहवत नाही, ही खोड तेव्हापासूनची आहे. मी नानांचं धोतर धरून बसले.

तंबूच्या दारावर एक जमादार बसवला होता. हुकूम त्याच्या हातात होता, पण लेकरू कुणाला म्हणायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. त्याने आपली सोपी रीत काढली होती. पोरांचं वय मिशीवरून, पोरींचं गळ्यावरून. माझा भाऊ माझ्याहून चांगला मोठा, औत हाणणारा, पण ओठावर लव नव्हती आणि लग्नही झालं नव्हतं. जमादाराने कंदील त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "बच्चे लोगां अंदर नक्को." भाऊ रागाने लाल झाला. नानांनी त्याला आमच्या गाडीकडे पिटाळलं. मग कंदील माझ्याकडे वळला. मी मायच्या कमरेला लागत होते. जमादार मान हलवू लागला.

नानांना घाई झाली होती. मागून माणसं रेटत होती, भाऊ केव्हाच निघून गेला होता, आणि मला एकटीला त्या गर्दीत बाहेर कुठे सोडणार? ते मोठ्याने म्हणाले, "जमादार साहेब, गळ्यात डोरलं बघा की. लगीन झालंय तिचं. मोठी हाय ती."

"शादी हो गई? फिर तो बडीच है. जाव."

रांगेतले लोक हसले. मीही हसले, कारण भाऊ बाहेर आणि मी आत. तेवढ्यात मागे बघितलं तर रांगेत मामंजी उभे होते. ते हसत नव्हते. त्यांनी नानांना रामराम घातला नाही, मला हाक मारली नाही, नुसते मिशीवरून बोट फिरवत राहिले. व्याही समोर दिसत असून माणूस रामराम घालत नाही म्हटल्यावर मला संशय आलाच. मी मायचा पदर ओढून सांगितलं. ती म्हणाली, "दिसलं नसंल त्यायला." त्यांना सगळं दिसलं होतं.

खेळ सुरू झाला. एक नवी सून होती, माझ्यासारखीच लुगड्यात गुंडाळलेली. ती आडावर पाणी शेंदायला आली. तिच्या मागून सासू आली, दबक्या पावलांनी. छडीवाला ओरडत होता, "बगा, बगा, आता काय व्हतंय!" सासूने दोन्ही हात पुढे केले आणि सून आडात गेली. पाणी उडालं. मी मायच्या पदरात तोंड खुपसलं ते शेवटपर्यंत काढलं नाही. भोवतीच्या बायका चुकचुकत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि त्याच हाताने एकमेकींना शेंगदाणे देत होत्या. ते मला काही केल्या समजेना. बाई मेली आणि ह्या खातात कशा?

खेळ संपल्यावर माणसं उठली, आणि गर्दीत मी हात सोडवून पडद्यामागे गेले. ती बाई कुठे पडली ते मला बघायचं होतं. पडद्यामागे जमीन ओली होती. चांगला चिखल झाला होता, आणि शेजारी दोन रिकाम्या बादल्या पडल्या होत्या. माझी खात्रीच पटली. इथे आड होता, आणि त्यांनी तो घाईघाईने बुजवला. चित्र उजळ दिसावं म्हणून तंबूवाले खेळाआधी पडद्यावर पाणी मारतात हे मला कळलं तेव्हा माझ्या लेकीचं लग्न झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी आमच्या गाडीपाशी आले. माझ्यासाठी रेवड्या आणल्या होत्या. आजवर कधी आणल्या नव्हत्या, म्हणून मी त्या तोंडात घातल्या नाहीत.

"व्याही," ते म्हणाले, "शिमगा झाला की पोरीला पाठवा."

"आवो, लेकरू हाय अजून."

"आसं कसं? काल चार माणसांत तुमीच म्हनलात, मोठी हाय. सरकारच्या जमादारानं बी मानलं. तिथं मोठी आन् आमच्याकडं यायला ल्हान, कावून?"

नाना म्हणाले, ते तर सिनेमापुरतं होतं. मामंजी म्हणाले, शब्द हा शब्द असतो. माय पदराआडून पुटपुटली, "वय जमादार ठरिवणार का माझ्या पोरीचं?" पण बायकांचं पुटपुटणं त्या काळी कुणी ऐकत नसे. चार माणसांत कबूल करून घेतलेली गोष्ट नानांनी चार माणसांतच मोडली होती, आणि चार माणसं काय म्हणतील याच्यापुढे नानांचं कधीच काही चाललं नाही. मला त्यांचा राग आला. अजूनही थोडा आहे.

शिमग्यानंतर मी सासरी गेले. घरात शिरताच पहिली नजर टाकली ती परसात. परसात आड होता. सासू, आत्याबाई, ठेंगण्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, ताटात तूप वाढलं. एवढा लाड कशासाठी, ते मी ओळखून होते. सिनेमातली सासूही सुरुवातीला हसतमुखच होती. मी आत्याबाईंना कधी पाठीमागे येऊ दिलं नाही. त्या वाड्यात आल्या, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, की मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. त्यांना पुढे जाऊ दे, मग मी. पाणी शेंदायला सांगितलं की माझं पोट दुखायचं, पायात काटा भरायचा, नाहीतर शेण काढायचं राहून गेलेलं असायचं. नवरा दिवसभर गुरांमागे असायचा, माझ्याहून जरासाच थोराड. त्याच्यावर भरवसा ठेवावा असं त्याच्याकडे काही नव्हतं.

मामंजींना ते खपेना. "मोठी म्हनून आणली आन् पाणी शेंदाया येईना?" एका सकाळी ते अंगणात उभे राहून ओरडले आणि आत्याबाईंना म्हणाले, "आज तिच्याच हातनं शेंदून घे." आत्याबाईंनी मला आडाशी नेलं, पोहऱ्याला दोर बांधून तो माझ्या हातात दिला आणि त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी दोर टाकून दिला, आडाचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला आणि गाव गोळा होईल अशी ओरडले, "मला ढकलू नका! मला ढकलू नका!"

शेजारणी धावत आल्या. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी शेजारणींना घालवून दिलं, मग माझ्यापासून चांगल्या लांब जाऊन जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला कुणी काय सांगितलं, बाई?" मी सगळं सांगितलं. तंबू, सून, मागून आलेली सासू, पडद्यामागचा चिखल. बाई मेली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, असंही सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. उठल्या, आणि त्या दिवसाचं सगळं पाणी त्यांनीच शेंदलं.

संध्याकाळी त्या मामंजींना म्हणाल्या, "पोरीला माहेरी घालून या."

"येडी झालीस का? लोक काय म्हनतील?"

"पडद्यावरची बाई खरंच मेली म्हनती ती. इतक्या येड्या लेकराला मोठं म्हनत्यात व्हय?"

"जमादारानं..."

"जमादाराला काय सून नांदवायची हाय का?" मग त्या खालच्या आवाजात आणखी काहीतरी बोलल्या. मी दाराआड कान लावून होते तरी ऐकू आलं नाही. मामंजी ताटावरून उठले आणि गड्याला सकाळी गाडी जुंपायला सांगून बाहेर निघून गेले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण रात्रभर माझ्या डोक्यात निराळाच किडा वळवळत राहिला. इतक्या सुखासुखी सोडतात कशा? सून कामाची नाही म्हणून टाकून देणार असतील, दुसरी बघून ठेवली असेल. टाकलेल्या बायकांचं काय होतं ते मी आमच्या गावात बघितलं होतं. आड बरा की ते बरं, याचा विचार करत मी सकाळी गाडीत बसले, आणि आत्याबाईंनी बांधून दिलेल्या भाकरीचंही गाठोडं दोनदा उघडून बघितलं.

आत्याबाई वेशीपर्यंत गाडीबरोबर चालत आल्या. वेशीपाशीच एका बैलाच्या गळ्याचं जोतं सुटलं म्हणून गडी खाली उतरला. तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. मी मागे सरकले. त्या तिथेच थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या सिनेमातल्या बाईला वर काढलं का गं कुणी?"

"ठावं न्हाई," मी म्हणाले. "मी डोळे झाकून घेतलते."

त्यांनी गाडीच्या साठ्याची कड धरली.

"आपल्या आडात माझ्याआधीची पडली," त्या म्हणाल्या. "तुझ्या मामंजीची पहिली. कुणी ढकललं न्हाई तिला. भरल्या पोहऱ्यानं वढून नेलं. तुझ्याएवढीच व्हती."

गड्याने जोतं बांधलं आणि तो पुढे धुरेवर चढून बसला. आत्याबाईंनी साठ्यावरचा हात काढला.

"तिलाबी मोठी हाय म्हनूनच आणली व्हती," त्या म्हणाल्या.