न्हाणीचा ओला कुड

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून पौषात मी पोशीरला आले. आईने मला न्हाणीला लागून असलेली खोली दिली. मधे एकच कुड, कारवीच्या काड्यांचा, वरून माती लिंपलेला. न्हाणीतल्या चुलीने खोली उबदार राहील, असं तिचं म्हणणं. पण न्हाणीतला रांजण बुडाशी तडकला होता, आणि गुपचूप झिरपलेलं पाणी कुडाने सगळं पिऊन घेतलं होतं. हात लावला की माती बोटांना यायची.

तेवढ्यात खालापूरहून सासूबाईंचा निरोप आला. खोली बघायला येते, मनास नाही आली तर सुनेला घेऊन जाते. मला जायचं नव्हतं, स्पष्टच सांगते. तिकडे मी खालमानेने वावरायची, इथे पोटभर भांडायची.

आई घाबरली. विहिणीपुढे शोभा नको म्हणून तिने ओल्या कुडावरच शेणाने सारवलं. दिसायला झकास झालं, पण ओल आत कोंडली. दोन दिवसांत शेणावर पांढरी बुरशी आली आणि खोलीत कुबट वास भरला.

माझे वडील, आबा, कधी बायकांच्या कामात पडत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी तडकलेला रांजण अंगणात हलवला, खुरप्याने सगळी माती खरवडून काढली आणि न्हाणीत मोठ्या खापरात भाताचा तूस पेटवला. तूस भडकत नाही, नुसता धुमसतो. काड्यांमधून निळा धूर माझ्या खोलीत यायचा, दुपारचं ऊन त्यात पट्ट्यापट्ट्यांनी तरंगायचं. पलीकडे आबांचा गुडघा, हात, मुंडासं, सगळं तुकड्यातुकड्यांनी दिसायचं. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी धड बोलले नव्हते. कुडाआडून मात्र बोलत.

"निजलीस का गं?"

"नाय, आबा."

"धूर लागतोय?"

"नाय. बरा वाटतोय."

मग गाय कशी व्याली, बांध कुठे फुटला, असलं काहीबाही सांगत राहायचे. माझे डोळे मिटायचे, तरी त्यांचा आवाज चालूच असायचा. इतकी सुखी मी पुढे कधी झाले नाही.

सासूबाई आल्या त्या दारातच थबकल्या. "ह्याला कुड म्हणायचा? सुनेला चाळणीत ठेवलीत की काय?"

आबा पलीकडून म्हणाले, "विहीणबाई, चार दिस द्या. काड्या सुकल्या की नवी माती लावतो. पोरीला नका नेऊ."

आबांना कुणाची विनवणी करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाईंनी गाडी जुंपायला सांगितली.

माझी लेक तिकडेच झाली. शिमगा उलटल्यावर तिला घेऊन पोशीरला आले, तेव्हा शेतं भेगाळली होती आणि न्हाणीतून अजून धूर येत होता. कुडाला नवी माती लागून कधीच वाळली होती.

"रोज पेटवतात," आई म्हणाली. "सांगून ऐकत नाय. म्हणतात, थोडी ओल हाय."

आबांनी नातीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ खोलीत गेले, कुडावर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला, मग गाल टेकवला.

"सुकलाय," ते म्हणाले. "आता निजव तिला हितं."