मागे न पाहता ठेवलेला घास

कुलस्वामिनीच्या चरणी मस्तक ठेवून आणि विघ्नहर्त्याचे स्मरण करून हे लिहावयास घेतो. नुकतीच दौंडास आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. कवठ्याहून तुम्ही मंडळी आलात, पोटासाठी दूरदूर पांगलेलेही आले, आणि बहुतेकांनी एकच विचारले : नव्या घराच्या उंबऱ्यापुढे हा झिजलेला, चपटा दगड कशासाठी? त्या दिवशी मी सोवळ्यात होतो, उत्तर राहून गेले. ते आता देतो. त्यासाठी मात्र मी कवठे सोडले त्या सकाळपर्यंत मागे जावे लागेल.

त्या सकाळी मी गावाबाहेर पडलो तो बैलगाडीत आडवा होऊन. विहिरीवरील मोटेच्या पाळीवरून दादांशी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंशी, कित्येक दिवस धुसफूस चालली होती. आदल्या संध्याकाळी पाटाचे पाणी माझ्या वाफ्याकडे वळवण्यास मी वाकलो असता त्यांनी पाठीमागून येऊन कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, माझ्या डोक्यात घातला. पहिला घाव कळलाच नाही. दुसरा कळला, कारण तेव्हा माझे तोंड चिखलात होते आणि लाल झालेले पाणी माझ्याच वाफ्यात शिरत होते. ज्या हाताने मला मुंजीनंतर आचमन शिकवले, तोच तो हात.

आई उंबऱ्यात उभी होती. तिच्या पदराला माझे रक्त होते आणि ओसरीवर दादा खाली मान घालून बसले होते. ती एवढेच म्हणाली, "जा. मागे पाहू नकोस. पाहिलेस तर राहशील, आणि राहिलास तर हा तुला मारील." गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत मी आभाळाकडे पाहत राहिलो. आईचे मी ऐकलेले ते शेवटचे शब्द.

शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात सगुणाबाई नावाची परिचारिका होती, ख्रिस्ती, सडेतोड, हाताची हलकी. "गुरुजी, देवाचं नाव घ्या. तुमच्या देवाचं घेतलं तरी चालंल," असे म्हणून तिने माझ्या टाळूला टाके घातले. तेथून मी आणि सौ. दौंडास, रेल्वेत गुड्स क्लार्क असलेल्या आमच्या मुलाच्या, वसंताच्या, क्वार्टरमध्ये आलो.

कवठ्यास पहाट पाखरांनी होत असे, येथे ती लोको शेडच्या भोंग्याने होऊ लागली. यार्डात शंटिंग चाले. एक वॅगन दुसरीवर आदळली, की माझा हात आपोआप टाळूवर जाई. दाराकडे पाठ करून मी कधी बसत नसे. पानावरसुद्धा भिंतीला टेकून बसे. वसंता म्हणे, "बाबा, इथे कोण येणार आहे मारायला?" ते मलाही ठाऊक होते, पण टाळूला ठाऊक नव्हते.

एक गोष्ट मात्र कवठ्याची जशीच्या तशी चालू राहिली. वैश्वदेव झाला, की काकबळी आणि श्वानबळी, म्हणजे कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास, दारापुढच्या दगडावर ठेवायचे, पायांवर पाणी घ्यायचे आणि मागे न पाहता घरात यायचे. ही आमच्या घराची रीत. घास कोणी खाल्ला ते पाहायचे नसते.

दादांशी पाण्याचा दावा शिरूरच्या कोर्टात चालू होता. तेथल्या एका तारखेनंतर मी सगुणाबाईला भेटावयास गेलो. आता ती निवृत्त होऊन मिशनच्या आवारातील जुन्या घोडपागेत लंगडी, भाजलेली, टाकून दिलेली कुत्री सांभाळीत असे. कोपऱ्यात एक काळापांढरा कुत्रा भिंतीला पाठ लावून बसला होता. कोणी त्याला घोड नदीकाठी तारेच्या फासाने झाडाला टांगले होते. तार तुटली म्हणून जीव वाचला, पण ती मांसात रुतली होती.

"तुमच्या डोक्याला आन् याच्या मानंला एकाच हातानं टाके पडल्यात," ती म्हणाली. "टाकेभाऊ झाला तुमचा. घेऊन जा. मी म्हातारी झाले, मी गेल्यावर यांना कोण विचारतंय?"

"बाई, आमच्या घरी सोवळेओवळे असते."

"आसू द्या की. त्यो काय तुमच्या देवघरात बसतो म्हणतोय व्हय?"

जन्मभर नित्य श्वानबळी घालणाऱ्या माणसाच्या जिभेवर 'नको' हा शब्द येईना. एस.टी.च्या कंडक्टरने कुत्र्याला बघताच दार लावून घेतले, म्हणून न्हावऱ्यावरून गुळाच्या ट्रकमध्ये आम्ही दोघे पाठ टेकून बसून दौंडास आलो. यमाच्या दोन श्वानांपैकी एकाचे नाव शबल, म्हणून मी त्याला शबल म्हटले. कॉलनीने दुसऱ्याच दिवशी त्याचे शब्या केले.

पहिल्याच दिवशी अनर्थ झाला. घरात घेण्यापूर्वी शुद्धी करावी म्हणून मी पळीतले गोमूत्र ओंजळीत घेऊन त्याच्यावर शिंपडण्यास हात उचलला. त्याने मंत्र ऐकला नाही, उगारलेला हात तेवढा पाहिला. क्षणात माझे मनगट त्याच्या जबड्यात होते. सौ.ने लाटण्याने मारून सोडवले तेव्हा हाडापर्यंत चिरले होते, आणि लाटण्याच्या मारामुळे त्याला वाटणारी भीती मात्र खरी ठरली. पुढे तो अंगणातील कोळशाच्या ढिगामागे राहू लागला. वाडग्यातले खाईना. कोणी वाडगे उचलले तरी दात दाखवी. मान तर वाऱ्यालाही शिवू देत नसे.

अशात पिसाळलेले कुत्रे चावून कॉलनीतील एक पॉइंट्समन पाण्याला भिऊन, किंचाळत मेला. गळ्यात बिल्ल्याचा पट्टा नसेल ते कुत्रे दिसेल तेथे मारावे, असा हुकूम निघाला. मुकादम चार लाठीवाले घेऊन फिरू लागला. गटाराच्या मोरीत व्यालेली एक कुत्री त्यांनी आमच्या देखत ठेचली. तिचे डोके फुटल्यावरही पाय दूध पिणाऱ्या पिलांच्या बाजूला हलत होते. मग पिले. हातगाडीच्या फळ्यांतून रक्त गळत आमच्या दारावरून गेले. ढिगामागून शबलने ते सर्व पाहिले.

वसंता म्हणाला, "बाबा, पट्टा घालता येत नसेल तर शिरूरला परत सोडून येऊ." परंतु सगुणाबाई अंथरुणास खिळल्याचे कळले होते. पागेला कुलूप लागले होते.

माझ्या लक्षात आले ते एवढेच, की दगडावरचा श्वानबळी रोज नाहीसा होत होता, आणि कावळा इतके स्वच्छ चाटत नाही. ज्या घासामागे हात थांबत नव्हता, डोळे थांबत नव्हते, तो त्याला खाता येत होता. मग मी जुन्या उपरण्याची किनार फाडून तिचे सैलसे कडे केले, त्याला तूप चोळले आणि रोज भाताभोवती ठेवू लागलो. तोंड कड्यात घातल्याखेरीज भात मिळत नसे. काही दिवसांनी कडे दगडावरून थोडे उचलले जावे अशा दोन काटक्या खाली लावल्या. चाटण्याचा आवाज मी पाय धुताना ऐके. रीत म्हणून पाहत नसे. पुढे त्याच्यासाठीही पाहत नसे.

ते लोक आमच्या दारी आले तेव्हा भर दुपार होती. घास नुकताच ठेवला होता, वसंता ड्यूटीवर होता. लाठीचा पहिला फटका दगडावर बसला, भात उधळला आणि शबल उडी मारून माझ्या मागे आला. कडे माझ्या पायाशी पडले. ते मी उचलले.

"आबा, पट्टा कुठाय त्याचा?" मुकादमाने विचारले.

"घालतो आहे."

"कवा? मेल्यावर?" त्याची माणसे हसली. "व्हा बाजूला. उगं तुमाला लागंल."

"अहो, त्याच्याकडे पाठ करू नका," सौ. दारातून म्हणाली. "मनगट आठवा."

मला तेच आठवत होते. समोर उगारलेल्या लाठ्या होत्या आणि पाठीमागे ज्याने माझे हाड पाहिले तो जबडा. एकाने माझ्या बाजूने कुत्र्यावर वार केला. मी सरकलो, लाठी माझ्या खांद्यावर बसली आणि गळ्याखालचे हाड वाळक्या काटकीसारखे मोडले. गुडघ्यांच्या मागे काहीतरी उष्ण, थरथरते येऊन टेकले. दात लागले नाहीत.

मी चांगला हात पाठीमागे खाली नेला. बोटांत ते कडे धरले, जसे दगडावर धरलेले असे, आणि मागे पाहिले नाही. आधी ओले नाक लागले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग बोटांवर मानेचे सगळे वजन आले, आणि तारेचा तो खरखरीत व्रण.

मुकादम वाकून पाहू लागला. "ह्यो पट्टा? ही तर धोतराची चिंधी हाय. बिल्ला न्हाई."

"बिल्ला आणू की," सौ. पायरी उतरून म्हणाली. "यांचे हाड मोडलेस, त्याची वर्दी द्यायला ठाण्यावर जायचेच आहे. वाटेत बिल्लाही घेऊ. तुझे नाव काय सांगू तिथे?"

त्याने लाठी खाली केली. "चला रं. म्हातारीच्या नादाला लागू नका."

त्याच दुपारी, खांदा बांधून मी ओटीवर पडलो असता, शबल उंबऱ्यात येऊन निजला. तोंड बाहेर आणि पाठ आमच्याकडे. तोवर त्याने कोणाकडेही पाठ केली नव्हती. पुढे तो म्हातारा होऊन त्याच उंबऱ्यात गेला. क्वार्टर सोडताना मी दगड तेवढा मागून घेतला.

आता वास्तुशांतीचे सांगतो, जे तुमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले. दादा आले होते. त्यांना कोणी बोलावले ते मी विचारले नाही. होमाच्या वेळी ते काठी टेकून नेमके माझ्या पाठीमागे बसले. टाळू ठणकू लागली. बळी ठेवण्यास मी बाहेर आलो तेव्हा काठीचा आवाजही मागोमाग आला. मी दगडावर घास ठेवला आणि पाय धुण्यासाठी वाकलो. त्या संध्याकाळी पाटावर वाकलो होतो, तसाच.

"पाणी घालू का पायावर?" दादा मागून म्हणाले.

मी वाकलेलाच राहिलो. त्यांनी तांब्यातून ओतलेले पाणी पायांवर पडले त्याहून अधिक जमिनीवर सांडले, आणि ते वाहत दगडापाशी गेले. धार संपेपर्यंत मी मान वळवली नाही. मग आम्ही दोघे आत आलो. दादा पुढे, मी मागे.

ज्याला गाव सोडावे लागले आणि जो गावातच राहिला, त्या दोघांनाही घर या शब्दाचा याहून वेगळा अर्थ मला सांगता येत नाही. जगन्माता तुमच्या उंबऱ्याचे रक्षण करो. तुमच्या घरी अन्न पुरून उरो, उरलेला घास दारापुढे पडो, आणि तो खाण्यास येणाऱ्या मुक्या जिवापासून थोरल्या बंधूंपर्यंत कोणाहीकडे पाठ करून तुम्हांस निःशंक निजता येवो.