लिफ्टनं दाखवलेलं पाचवं घर

ये बाई, अशी जवळ बस. फोनवर "मावशी, गुडघे कसे हायत?" एवढं विचारलं की झालं का तुमचं? गुडघे काय फोनवर दिसतात? नांदेडहून लातूर एवढं लांब हाय का? असो, ऐक आता.

माहूरच्या रेणुकाआईचा मंगळवार मी कधी चुकवला न्हाई. दिवसभर उपास, परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, त्याच पिठाची भाकरी करून दिवेलागणीच्या आत उपास सोडायचा. लेकाच्या फ्लॅटमध्ये आले तशी पाची घरं एकाच बिल्डिंगीत झाली, पण एकेका मजल्यावर. त्यात लाईट सारखी जायची. गुडघ्यांनी जिने सोडले तेव्हा वाटलं, आईनंच मला टाकलं की काय. मग गच्चीवर सोलर बसलं, बॅटऱ्या आल्या, लाईट गेली तरी लिफ्ट चालू राहू लागली. मी लिफ्टनं जोगवा मागू लागले. सून हसायची. हसू दे.

फक्त तिसऱ्या मजल्यावर मी जात न्हवते. तिथं कलावती राहते. उन्हाळ्यात हिनं सोलरच्या काचांवर साड्या अंथरून कुरडया वाळत घातल्या. म्हणे, एवढी सपाट, तापलेली जागा रिकामी कशाला ठेवायची? बॅटऱ्या राहिल्या उपाशी, अन् मी चढले जिना. मी बोलले, ती बोलली, बोलता बोलता कुरडयांच्या चवीपर्यंत गेलो. तेव्हापासून अबोला.

त्या मंगळवारी दिवसभर ढग होते. चार घरं झाली. पाचवं पहिल्या मजल्यावरच्या शबानाभाभीचं; ती माझ्यासाठी ज्वारीचं पीठ काढूनच ठेवते. चौथ्या मजल्यावरून मी लिफ्टमध्ये शिरले, बटण दाबलं, अन् लाईट गेली. गचका देऊन लिफ्ट मधेच थांबली. अंधारात मी अन् परडी. दिवेलागण जवळ आलेली. मंगळवार चुकला असता तर कुणी विचारलं नसतं, पण आईचं अन् माझं नातं त्या मूठभर पिठावरच टिकून हाय. खूप हाका मारल्या. शेवटी म्हणलं, "आई, शबानाच्या दारी पोचव. न्हाईतर तुला वाटंल तिथं ने."

लिफ्ट हळूच सरकली, दार उघडलं. समोर मोबाईलचा उजेड धरून कलावती.

"कवापासून ओरडून राहिलाव, मावशी. शबाना खाली राहते."

"हाव, ठाऊक हाय."

"मग इथं कशाला थांबलाव?"

"मी न्हाई थांबले. लिफ्ट थांबली."

ती आत गेली. वाटलं, आता दार लावते. पण वाटीभर पीठ घेऊन आली, परडीत टाकलं, वर एक कुरडई ठेवली. म्हणाली, "सोलरवरची न्हाई. बाजेवर वाळवलेली हाय."

लेक म्हणतो, बॅटरी कमी झाली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर जाऊन उघडते, तशी सोयच असते. असंल. पण जवळचा मजला तोच का निघावा, ते काही त्याला सांगता येत न्हाई. मी घरं माझ्या मनानं निवडत होते, आईला ते पसंत नव्हतं. आता मी परडी तेवढी पुढं धरते. घर ती ठरवते.

आता पुढच्या खेपेला लवकर ये. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उघडली तर तिथंच उतर. कुरडया तळायला मी बहुतेक तिथंच बसलेली असंन.