हर्रास बोलणारे मारोतकाका आणि आमची सहाची बॅच

मारोतकाका उड्या मारून मेले नाहीत.

आधी हे क्लिअर करते. वर्षभर ऐकून कान किटले माझे. "त्या वयात जिमची थेरं कशाला पाहिजे होती?"

अरे, डेंग्यूनं गेले ते. ज्या जिमनं त्यांचा दम परत आणला, तिच्यावर बिल फाडू नका.

आज वर्ष झालं. म्हणून सगळं सांगूनच टाकते.

काका अमरावतीच्या भाजीबाजारात हर्रास बोलायचे. म्हणजे लिलाव. मालाचे ढीग रांगेनं मांडलेले, आणि काका ढिगामागून ढीग चालत, न थांबता बोली वाढवत जायचे. "एक बार, दोन बार, तीन बार" झालं की माल विकला.

तीस वर्षं हेच केलं.

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी पोट सुटलं आणि दम पुरेना. तिसऱ्या ढिगाशीच धाप लागायची. बोली तुटली की गिऱ्हाईक पांगतं.

दुकानाच्या मालकानं, म्हणजे अडत्यानं, सांगून टाकलं, "दिवाळीपासून माहा पुतण्या बोलंन. तुमी बसा आता खुर्चीवर."

काका मला नंतर म्हणाले होते, "खुर्चीवर बसलो असतो तं महिन्याभरात मेलो असतो मी."

डॉक्टरांनी तपासलं. हार्ट ठीक होतं, स्टॅमिना नव्हता. हळूहळू व्यायाम सुरू करा म्हणाले.

आणि काका राजापेठेतल्या आमच्या संध्याकाळच्या सहाच्या बॅचमध्ये आले. जुनी पँट, बनियन, खांद्यावर दुपट्टा.

मी शाळेत गणित शिकवते. दोन वर्षं त्या बॅचला जात होते आणि दोन वर्षं मागच्या लाइनीत लपून निम्म्या उड्या चुकवत होते.

आमचा ट्रेनर अक्षय म्हणाला, "वीस सेकंद जोरात, चाळीस सेकंद सावकाश. काका, तुम्ही आत्ता नुसतं जागेवर चाला."

"चालतो नं बाप्पा. तीस वर्सं चालूनच राहिलो."

दुसऱ्या मिनिटाला भिंत धरून उभे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आमच्याही आधी.

महिन्याभरानं अक्षयचा घसा बसला. तो काकांना म्हणाला, "दहा स्क्वॉट मोजून द्या." इथंच घोळ झाला.

हर्रास बोलणारा माणूस दहावर थांबतच नाही ना.

"दहा एक बार, दहा दोन बार, कोनी वाढवते का? मॅडमचे अकरा. अकरा एक बार..."

जोवर एक जण तरी उठबस करतोय, तोवर तीन बार म्हणायचेच नाहीत. एकटी असताना मी पंधराच्या पुढे कधी गेले नव्हते. त्या दिवशी एकतीस मारले, आणि दोन दिवस शाळेचा जिना कठडा धरून उतरले.

तेव्हापासून मोजणी काकांकडेच.

तीन महिन्यांनी वजन केलं. फक्त दोन किलो कमी. काका जाम भडकले.

"येवढा घाम गाळला अन् दोन किलो? काटा खोटा हाये तुया."

अक्षयनं चरबी मोजायचं मशीन आणलं. "काका, चरबी उतरली, स्नायू भरले. काट्याला त्यातला फरक कळत नाही."

"मले नको शिकवू बे. काट्याजवळच म्हातारा झालो मी."

मी त्यांच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती.

काकांनी पट्टा पाहिला. मग त्यांना आठवलं. मागच्या रविवारी अकोल्याला, जुन्या शहरात लेकीकडे, ते तीन मजले न थांबता चढले होते. लेक दारातच म्हणाली होती, "बाबा, दम नाई लागला तुमाले?"

"मंग ठीक हाये," एवढंच म्हणाले आणि मोजायला उभे राहिले.

दिवाळीच्या आधी अडत्यानं त्यांची परीक्षा ठेवली. अख्खी रांग न थांबता बोलून दाखवायची, नाहीतर खुर्ची.

भल्या पहाटे आम्ही नऊ जण बाजारात. ट्रॅक पँट, स्पोर्ट शूज, आजूबाजूला कोबी आणि टमाटर. सगळा बाजार आमच्याकडेच पाहून राहिला होता.

काका सुटले. तिसरा ढीग गेला. पाचवा गेला. नववा गेला. कुठेही धाप नाही, आवाज खणखणीत. शेवटचा ढीग वांग्यांचा होता, आणि मला काही राहवलं नाही. दोन्ही हात वर करून मी उडीच मारली.

"मॅडम. एक बार, दोन बार, तीन बार."

चार कॅरेट, म्हणजे चार क्रेट भरून, वांगी माझ्या नावावर.

"काका, मी तुम्हाला शाबासकी देत होते हो."

"हर्रासात हात वर केला म्हंजे माल घेतला. उचला."

अडत्या पोट धरून हसला. मग पुतण्याला म्हणाला, "तू आखीन शिक, काकाच्या हाताखाली."

आठवडाभर सगळी बॅच भरीत खात होती. काका त्यानंतर तीन वर्षं हर्रास बोलले. ताप यायच्या आदल्या दिवशीपर्यंत.

ते गेल्यावर मोजणी कोणी घेतलीच नाही. अक्षयनं मोबाइलचा टायमर लावला. तो वाजतो, आम्ही थांबतो.

आज पहाटे पुन्हा बाजारात गेलो, नऊच्या नऊ जण. आता तोच पुतण्या बोलतो. चाल तीच, बोलणं तेच.

वांग्यांचा ढीग आला आणि मी हात वर केला.

"मावशी... चुकून तं नाई ना?"

"नाही रे. ह्या वेळी घ्यायचीच आहेत. बोल."

"एक बार, दोन बार..."

पुढचं त्याच्या तोंडून निघेना. अख्खी रांग एका दमात बोललेलं पोरगं, दुपट्टा तोंडाशी धरून उभं राहिलं.

मग आम्ही नऊ जणांनीच म्हटलं. तीन बार.

काका, भरीत होऊन राहिलं. संध्याकाळी सहाला टायमर बंद. मोजणी मी करणार आहे, आणि दहावर थांबणार नाही.

तुम्हाला आमच्या सगळ्या बॅचचा नमस्कार.